नानांचा लॅपटॉप, रबराचा पट्टा आणि एक मोडी दप्तर

गेल्या वर्षी मंडळाच्या एका बैठकीत मी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या होत्या. पहिली वस्तू म्हणजे दप्तर बांधायचा लाल रुमाल आणि त्यात विटेसारखा घट्ट झालेला कागदांचा गठ्ठा. दुसरी म्हणजे एक जाडजूड काळा लॅपटॉप, १९९५ च्या सुमाराचा. गठ्ठ्याकडे बघून सगळे हळहळले. लॅपटॉपकडे कुणी फारसं बघितलं नाही. एक ज्येष्ठ सभासद तर म्हणाले, "अहो, हे भंगार कशाला उचलून आणलंत?"

गठ्ठ्यातले कागद आता उलगडत नाहीत. त्यांत काय लिहिलं होतं ते त्या भंगाराच्या तोंडूनच कळणार होतं, आणि त्याचं तोंड, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्ह, बंद पडलेलं होतं. ते पुन्हा कसं उघडलं याची ही हकिगत. आमच्यासारख्या अनेक मंडळांच्या कपाटांत अशा फ्लॉपी पडून असतील म्हणून ती सविस्तर सांगतो.

दप्तर आणि नाना

नाना आमच्या मंडळाचे जुने सभासद, पेशाने शिक्षक. बडोद्याला मोडी सफाईने वाचणारी जी थोडी माणसं उरली होती त्यांतले एक. गायकवाडी अमलामुळे इथल्या कितीतरी मराठी घरांत मोडी कागद होते: सनदा, खर्चाच्या याद्या, पत्रं, घरातल्या भांडणांचे निवाडे. रियासतकार सरदेसायांनी ज्या गावात वर्षानुवर्षं नोकरी केली त्या गावात अशा कागदांची किंमत कळणारे लोक एकेकाळी पुष्कळ होते. पुढे ते कमी होत गेले.

अशाच एका घराण्याचं खासगी दप्तर नानांनी १९९७ ते २००३ या काळात बाळबोधीत उतरवलं. भाच्याने मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून, सेकंडहँड लॅपटॉप आणून दिला होता. सकाळी त्या घरी जायचं, ओसरीवर बसायचं, एकेक कागद वाचत टाइप करायचा आणि संध्याकाळी फ्लॉपीत उतरवून ठेवायचा, असा त्यांचा नेम. नाना गेले २०११ साली. त्यांच्या वह्या घर बदलताना रद्दीत गेल्या. दप्तराचे मालक विश्वामित्रीच्या काठच्या एका सोसायटीत तळमजल्यावर राहायला गेले होते. २०१९ च्या पुरात घरात कमरेएवढं पाणी शिरलं. काजळीची शाई विरघळली, कागद एकमेकांना चिकटले आणि दप्तराची वीट झाली.

उरल्या फक्त फ्लॉपी. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एकेचाळीस, प्रत्येकीवर नानांच्या अक्षरात आकडा आणि तारीख. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क केव्हाच मेलेली होती.

फ्लॉपी आली कुठून

तरुण वाचकांसाठी थोडा इतिहास. फ्लॉपी डिस्क पहिल्यांदा आणली आयबीएमने, १९७१ साली. ती आठ इंच रुंद होती, जेमतेम ८० किलोबाइट मजकूर तिच्यात मावायचा, आणि मोठ्या संगणकाला सुरू होताना लागणाऱ्या सूचना पुरवणं एवढंच तिचं काम. १९७६ मध्ये शुगार्ट असोसिएट्सने सव्वापाच इंची फ्लॉपी काढली. १९८१ च्या सुमारास सोनीची साडेतीन इंची आली: कडक प्लॅस्टिकचं कवच, वर सरकतं धातूचं झाकण, खिशात मावेल अशी. १९८४ च्या मॅकिंटॉशने ती घेतली. १९८५ चा तोशिबाचा टी ११०० हा लॅपटॉप हार्ड डिस्कशिवाय, साडेतीन इंची फ्लॉपीवरच चालायचा. १९८६ मध्ये आयबीएमच्या कन्व्हर्टिबलमध्ये तसे दोन ड्राइव्ह होते. १९८७ पासून आयबीएमच्या पीएस/२ बरोबर १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी रूढ झाली. आपल्या डीटीपीवाल्यांकडे असायची ती हीच.

या १.४४ चा हिशेब सोपा आहे. तबकडीच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूवर ८० वर्तुळाकार ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकचे १८ भाग म्हणजे सेक्टर, आणि एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट होतात. एका इंचात १३५ ट्रॅक बसतात, म्हणजे दोन शेजारच्या ट्रॅकमधलं अंतर मिलिमीटरच्या पाचव्या भागापेक्षाही कमी. पुढच्या हकिगतीत हे अंतर महत्त्वाचं आहे.

१९९८ मध्ये ॲपलने आयमॅकमधून फ्लॉपी ड्राइव्ह काढून टाकला, तेव्हा पुष्कळ ओरड झाली. मार्च २०११ मध्ये सोनीने जपानातली फ्लॉपीची विक्री थांबवली. म्हणजे नाना गेले त्याच वर्षी. तोवर लॅपटॉपचे छोटे ड्राइव्ह दुरुस्त करणारेही दुसऱ्या कामांना लागले होते.

बाहेरच्या ड्राइव्हने अर्धंच काम केलं

सुरुवातीला मी सोपा मार्ग धरला. यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह अजून बाजारात मिळतो, तो आणला. फ्लॉपी घालण्याआधी प्रत्येकीची कोपऱ्यातली खिडकी उघडी केली, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. ही सवय सगळ्यांनीच लावून घ्यावी. विंडोज ९५ सारख्या प्रणाली तर फ्लॉपी नुसती उघडून बघितली तरी तिच्या पहिल्या सेक्टरमध्ये स्वतःची खूण लिहून मोकळ्या होत. कागदपत्रांच्या दालनात आपण शाईचं पेन नेत नाही, तसंच हे.

एकेचाळीसपैकी सव्वीस फ्लॉपी वाचल्या गेल्या. पंधरा गेल्या नाहीत. आधी वाटलं, बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात फ्लॉपीच्या तबकडीवर पांढरे ठिपके धरतात. पण झाकण सरकवून पाहिलं तर बहुतेक तबकड्या स्वच्छ, चकचकीत. मग पंधराही फ्लॉपी तारखेप्रमाणे लावल्या आणि चक्रावलो. सगळ्या मार्च २००१ नंतरच्या. त्याआधीची एकही नाही, आणि त्यानंतरची एकही वाचली गेली नव्हती.

नानांच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "अगं बाई, हो! तेव्हा ओट्यावरून लॅपटॉप पडला होता. नाना दोन दिवस जेवले नव्हते. पण मग चालू झाला, म्हणून कुणी काही केलं नाही."

इथे सगळा उलगडा झाला. पडल्यामुळे ड्राइव्हमधलं हेड आपल्या जागेपासून केसभर सरकलं असणार. त्यानंतर नानांनी जे लिहिलं ते सरकलेल्या जागेवर लिहिलं गेलं. वाचणारं हेडही तेच, त्यामुळे नानांना कधी अडचण जाणवली नाही. बाहेरचा ड्राइव्ह मात्र ट्रॅक जिथे असायला हवा तिथे शोधत होता, आणि तिथे त्याला अर्धाच ट्रॅक सापडत होता.

दुकानातला सल्ला

लॅपटॉप सुरू केला तर ड्राइव्हचा दिवा लागायचा, पण तबकडी फिरायचीच नाही. एका संगणकाच्या दुकानात दाखवला. तिथल्या मुलाने चांगल्या मनाने दोन उपाय सांगितले. परदेशातून त्याच मॉडेलचा जुना पण चालू ड्राइव्ह मागवायचा, किंवा गोटेक बसवायचं. गोटेक हा छोटा बोर्ड आहे. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी तो जोडायचा, त्यात पेनड्राइव्ह खोचायचा, आणि पेनड्राइव्हवरच्या फाइलींना संगणक फ्लॉपी समजतो. जुनी यंत्रं जपणारे जगभरचे लोक तो वापरतात.

सल्ला चुकीचा नव्हता, पण तो यंत्र चालू करण्यासाठी होता. मला मजकूर हवा होता. दुसरा ड्राइव्ह आणला असता तर त्याचं हेड योग्य जागी असतं, म्हणजे आमच्या पंधरा फ्लॉपींसाठी चुकीच्या जागी. गोटेकमध्ये तर फ्लॉपी घालायला फटच नाही. ज्या वाकड्या हेडने लिहिलं त्याच हेडने वाचायचं, एवढाच रस्ता मला दिसत होता. म्हणून ठरवलं की ड्राइव्ह दुरुस्त करायचा, पण त्यातला बाक तसाच ठेवायचा.

उघडल्यावर काय दिसलं

लॅपटॉपचा ड्राइव्ह डेस्कटॉपपेक्षा वेगळा असतो. डेस्कटॉपच्या ड्राइव्हला ३४ तारांची केबल आणि विजेची वेगळी जोडणी असते. लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा कागदासारखी पातळ, २६ तारांची पट्टी असते, आणि वीजही तिच्यातूनच जाते. कोणती तार कुठे, हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून दिसायला सारखा ड्राइव्ह घाईने जोडून बघू नये. पट्टी ओढूही नये. आधी तिची कडी हलकेच उचलायची.

चार स्क्रू काढून झाकण उचललं आणि दोष समोरच दिसला. काही बारीक ड्राइव्हमध्ये मोटर तबकडीच्या खाली नसून बाजूला असते, आणि रबराच्या चपट्या पट्ट्याने ती तबकडी फिरवते. पंचवीस वर्षांत त्या पट्ट्याचं डांबर झालं होतं. बोट लावलं तर काळी तार निघाली.

जुन्या ड्राइव्हमध्ये दोष साधारण चार ठिकाणी असतात. पट्टा हे पहिलं. दुसरं, बोर्डावरचे छोटे कपॅसिटर. त्यांतलं द्रव झिरपतं आणि तांब्याच्या रेषा खातं. अशा बोर्डाला डाग देताना कुजक्या मासळीसारखा वास येतो. तिसरं, हेड पुढेमागे नेणाऱ्या स्क्रूवरचं ग्रीस वाळून मेणासारखं होतं आणि हेड अडकतं. चौथं, खुद्द हेडवर बसलेला मळ. फ्लॉपीत हेड तबकडीला घासूनच फिरतं, त्यामुळे तबकडीचा मळ हेडवर आणि हेडचा मळ पुढच्या तबकडीवर जातो.

आमच्याकडे कपॅसिटर ठीक होते. पट्ट्याचं डांबर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसायला दोन संध्याकाळी गेल्या. हेडही त्यानेच पुसलं. वरचं हेड उचलताना जिवावर येतं. पातळ पत्र्यावर ते तरंगत असतं, आणि जास्त उचललं तर कायमचं वाकतं. हेडची मोटर आणि शून्य क्रमांकाचा ट्रॅक ओळखणारा सेन्सर ज्या स्क्रूंवर बसवले आहेत, त्यांना मी हात लावला नाही. त्यांवर लाल रंगाचा ठिपका देऊन 'सोडू नये' अशी चिठ्ठी आत चिकटवली. नानांच्या ड्राइव्हचा बाक त्या स्क्रूंमध्ये होता.

पट्टा

नवा पट्टा मिळेना. शेवटी शहराच्या जुन्या भागात टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेलो. आता ते मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करतात, पण त्यांच्याकडे कॅसेटच्या पट्ट्यांचे डबे अजून आहेत. ड्राइव्ह त्यांनी उलटसुलट करून बघितला.

"टेप असो नाहीतर तुमची ही फ्लॉपी," ते म्हणाले, "चुंबकाची पट्टीच फिरते ना शेवटी? वेग चुकला की गाणं बेसूर."

त्यांनी दोन्ही चाकांभोवती शिलाईचा दोरा फिरवून माप घेतलं, त्याहून थोडा आखूड पट्टा निवडला आणि पैसे घेतले नाहीत. पट्टा चढवला, तबकडी फिरली, पण वाचलं काहीच गेलं नाही.

लॅपटॉपला हार्ड डिस्क नव्हती, म्हणून तिच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवून त्यावर डॉस घातलं होतं. त्यात इमेजडिस्क नावाचा मोफत प्रोग्रॅम चालवला. तो ड्राइव्हचा वेग मोजतो. साडेतीन इंची फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे फिरायला हवी. आमची फिरत होती ३०९. पुन्हा काकांकडे गेलो. ते हसले. "पट्टा जाड झाला. मोटरचं चाक बारीक असतं, जाड पट्ट्याने ते मोठं असल्यासारखं होतं, मग समोरचं जोरात फिरतं." त्यांनी पातळ पट्टा दिला. या वेळी वेग ३०१ आला आणि तिथेच ठरला. ही गोष्ट कुठल्या पुस्तकात शोधायला मला महिना लागला असता.

पंधरा फ्लॉपी

पहिल्यांदा घातली ती एक निरुपयोगी फ्लॉपी. बिघडलेला ड्राइव्ह तबकडी ओरखडू शकतो, म्हणून बळी द्यायला अशी एखादी हाताशी ठेवावी. तिच्यावर ओरखडा उठला नाही. मग १९९८ ची एक फ्लॉपी घातली, यूएसबी ड्राइव्हने अगदी सुरळीत वाचलेली. नानांचा ड्राइव्ह तिच्यावर अडखळला. इतका आनंद मला कुठल्या चुकीने कधी झाला नसेल. हेड अजून वाकडंच होतं. मग २७ क्रमांकाची, एप्रिल २००१ ची फ्लॉपी घातली. ऐंशी ट्रॅक, दोन्ही बाजू, एकही चूक नाही.

तीन रविवार गेले. प्रत्येक फ्लॉपीनंतर हेड पुसायचं, वेग बघायचा, मगच पुढची घ्यायची. फाइली एकेक करून उतरवल्या नाहीत. अख्ख्या फ्लॉपीची सेक्टरनिहाय प्रत घेतली, म्हणजे पुन्हा तबकडी फिरवायची वेळ येऊ नये. पंधरापैकी बारा संपूर्ण मिळाल्या. दोन अर्धवट. एक गेली: तिच्यावर बुरशी होती, मी पुसली होती, तरी दुसऱ्या फेरीला हेडखाली लेप सुटला आणि तबकडीवर पारदर्शक कडं उमटलं. त्या फ्लॉपीला मी घाई केली. तिचं पाप माझ्याकडे.

फाइली उघडल्या तर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. तेही अपेक्षितच होतं. भारतीय लिपींसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये ठरलं होतं, पण बाजारातले फाँट आपापल्या सोयीने रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवत. तो विशिष्ट फाँट नसेल तर मजकूर वाचता येत नाही. तो फाँट सापडला तोही एका फ्लॉपीत. वर नानांनी लिहून ठेवलं होतं, 'फाँट. हरवू नये.' आमच्या मंडळातल्या एका कॉलेजच्या मुलीने त्यावरून कोणत्या चिन्हाला कोणतं अक्षर याचा तक्ता केला आणि सगळं युनिकोडमध्ये आणलं.

त्या फ्लॉपींत काय होतं? बहुतेक घरखर्च, श्राद्धाच्या याद्या, जमिनीचे तंटे. पण ३४ क्रमांकाच्या फ्लॉपीत छप्पन्याच्या दुष्काळातली, म्हणजे १८९९–१९०० ची, एक यादी आहे. घरच्या कोठारातून कुणाला किती धान्य दिलं, माणसामाणसाच्या नावानिशी आणि जातीनिशी. त्या दुष्काळाचे सरकारी अहवाल आहेत. एका घराच्या कोठीतून दिसणारा दुष्काळ आता आमच्याकडे या एकाच प्रतीत आहे, कारण मूळ कागद त्या विटेत आहे.

दुरुस्त करावा की बदलावा

या अनुभवानंतर माझं मत असं झालं आहे. जुन्या लॅपटॉपचा फ्लॉपी ड्राइव्ह बंद पडला तर आधी विचारावं, या यंत्राने लिहिलेल्या फ्लॉपी कुठे आहेत? त्या असतील आणि वाचायच्या राहिल्या असतील तर ड्राइव्ह बदलू नये. दुरुस्त करावा, आणि 'सरळ' करायच्या भरीला पडू नये. फ्लॉपी नसतील किंवा वाचून झाल्या असतील तर खुशाल बदलावा. शाळेच्या मुलांना लॅपटॉप दाखवायचा असतो तेव्हा आम्हीही आता गोटेकच जोडतो. त्याची डबी लॅपटॉपच्या खाचेत मावत नाही, म्हणून नुसता बोर्ड, ३४ ची २६ करणारी जोडणी लावून. नव्या फ्लॉपी मिळत नाहीत, जुन्या घासायच्या कशाला?

ज्यांना जास्त मोठं काम करायचं आहे त्यांच्यासाठी ग्रीजवीझल आणि क्रायोफ्लक्स अशी साधनं आहेत. ती सेक्टर न शोधता तबकडीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतात. ती हाताशी असती तर डेस्कटॉपचा एखादा ड्राइव्ह मुद्दाम वाकडा करूनही हे जमलं असतं. आमच्याजवळ नव्हती.

नानांचा ड्राइव्ह आता काढून वेगळ्या डबीत ठेवला आहे. आत चिठ्ठी आहे: कोणत्या यंत्रातला, कधी पडला, पट्टा कधी बदलला, कोणते स्क्रू सोडायचे नाहीत. प्रतींचे तीन संच तीन घरांत आहेत, त्यांतलं एकही घर नदीकाठी नाही.

नाना लिप्यंतर करताना कंसात टिपा द्यायचे: [कागद फाटला आहे], [अक्षर लागत नाही]. एकही शब्द त्यांनी अंदाजाने भरलेला नाही. अर्धवट मिळालेल्या दोन फ्लॉपींचा मजकूर छापताना आम्हीही तीच रीत पाळली. एक सेक्टर गेला की साधारण साठ-सत्तर शब्द जातात. तिथे आम्ही लिहिलं आहे: [सेक्टर वाचता आला नाही, फ्लॉपी ३३]. नानांच्या टिपा आणि आमच्या टिपा वेगळ्या कळाव्यात म्हणून आमच्या तिरप्या अक्षरात आहेत.

तुमच्या घरी, मंडळात, छापखान्यात अशी बिस्किटांची डबी असेल तर येत्या पावसाळ्याआधी ती उघडा. खिडकी उघडी करा, तारखेप्रमाणे लावा, आणि ज्या यंत्राने त्या लिहिल्या ते यंत्र कुठे आहे याची चौकशी करा. ते भंगारात द्यायला काढलं असेल तर आधी आम्हाला कळवा.